कुठल्या सालचं घर?

माणसाला वय विचारलं तर तो एक आकडा सांगतो. जनावराचं वय दातावरून कळतं, झाडाचं खोडातल्या कड्यांवरून. घराचं वय मात्र असं एका आकड्यात बसत नाही. पुढची भिंत आज्ज्यानं घातलेली असते, माळवदाची माती बापाच्या काळात बदललेली असते, न्हाणी थोरल्या भावानं काढलेली असते, आणि कालच्या पोरानं मधे विटांचा आडोसा घालून त्यात टीव्ही ठेवलेला असतो. उद्या कुणी आलं आणि म्हणालं, "हे घर जसं होतं तसं जपा," तर आपण काय जपायचं? जसं होतं म्हणजे कधी होतं?

मला हा प्रश्न आपल्या गावात पडला नाही, विलायतेत पडला. माझा पुतण्या तिथं साउदॅम्प्टन गावी नोकरीला आहे. त्यानं मला दोन महिने बोलावून घेतलं. लंडन दाखवलं, राणीचा वाडा दाखवला, बंदर दाखवलं. सगळं पाहून झाल्यावर मी म्हणालो, "बाबा, हे सगळं मोठ्या लोकांचं झालं. ज्याच्या पायाला चिखल लागायचा त्याचं जुनं घर कुठं बघायला मिळंल का?" तो म्हणाला, "आबा, आहे एक जागा."

वेस्ट ससेक्स जिल्ह्यात चिचेस्टर गावाच्या वरच्या अंगाला सिंगलटन नावाचं खेडं आहे. तिथं वील्ड अँड डाउनलंड नावाचं म्युझियम आहे. म्युझियम म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर काचेची कपाटं आली होती. तिथं कपाटं नाहीत, घरं आहेत. चाळीस एकरांत पन्नासच्या आसपास इमारती. शेतकऱ्याची घरं, कोठारं, गोठे, लोहारशाळा. ह्या बहुतेक इमारती मुळात तिथल्या नाहीत. कुठं रस्ता निघाला, कुठं मालकाला पाडायची होती, तिथून सोडवून, लाकूड न् लाकूड गाडीवर घालून आणल्या आणि पुन्हा उभ्या केल्या.

त्यातलं एक घर म्हणजे बेलीफ फार्महाउस. आपल्याकडे बेलीफ म्हटलं की कोर्टाची जप्ती घेऊन येणारा माणूस आठवतो, म्हणून नाव ऐकून मी जरा दचकलोच. पण ते नुसतं घराचं नाव. हे घर मूळचं केंट जिल्ह्यातलं, चिडिंगस्टोन गावाच्या शिवारातलं. तिथं बाऊ बीच नावाचा तलाव करायचं ठरलं. लंडनच्या दक्षिणेकडच्या गावांना पाणी द्यायचं होतं. हे घर त्या पाण्याखाली जाणार होतं. मग पाण्याच्या कंपनीनं ते म्युझियमला देऊन टाकलं, आणि 1968-69 च्या सुमाराला ते उतरवून इकडं आणलं.

पुतण्या हे मला सांगत होता आणि मी त्या घराकडं बघत उभा राहिलो होतो. धरणात जाणारं घर. वाचणाऱ्यातल्या इंदापूर-करमाळ्याकडच्या लोकांना पुढचं सांगायला नको. आमचं गाव उजनीच्या पाण्यात गेलं तेव्हा मी शाळेत होतो. म्हणून मी ते घर पाहुण्यासारखं पाहिलं नाही. एक सोयरा भेटावा तसं पाहिलं.

आधी घर सांगतो. सगळा सांगाडा ओकच्या लाकडाचा. ओक म्हणजे त्यांचं सागवानच म्हणा, पण सागापेक्षा जड. ते लोक हे लाकूड ओलं असतानाच कामाला घेत. वाळलं की ते इतकं टणक होतं की छिन्नी चालत नाही. सांध्यांना खिळा नाही. कूस आणि साल पाडून एकमेकांत बसवायचं आणि आरपार लाकडी खुंटी मारायची, आपले सुतार चौकटीला मारतात तशी. सुतारानं आधी सगळा सांगाडा जमिनीवर आडवा जुळवायचा, प्रत्येक सांध्यावर छिन्नीनं खुणा करायच्या, मग तो सुटा करून जागेवर नेऊन उभा करायचा. त्या खुणा अजून लाकडांवर दिसतात. म्हणजे सहाशे वर्षांपूर्वीच्या सुतारानं हे घर एकदा सोडून पुन्हा जोडलेलंच होतं. म्युझियमवाल्यांनी केलं ते दुसऱ्यांदा.

खांबांच्या मधल्या जागा भरल्यात त्या कुडानं. काठ्यांची वीण, तिच्यावर माती, वैरणीचा भुस्सा आणि शेण कालवून केलेला गिलावा, वरून चुना. मी जवळ जाऊन हात फिरवला. पुतण्या म्हणाला, "आबा, हात लावू नका." पण शेणामातीच्या भिंतीला हात लावायचा नाही हे माझ्या हाताला कसं कळणार?

आत मधोमध मोठं दालन, खालपासून पार आढ्यापर्यंत मोकळं. मधे मजला नाही, माळा नाही. जमिनीवर मधोमध जाळ करायची जागा. नुसती उघडी. धुराडं नाही. धूर वर जायचा आणि कौलांच्या फटीतून, आढ्याच्या टोकातून वाट काढायचा. खिडक्यांना काचा नाहीत, उभे लाकडी गज आणि आतून फळ्या. दालनाच्या एका टोकाला मालकाचं लांब टेबल. दुसऱ्या टोकाला दोन खोल्या, एक पिण्याच्या पिंपांची आणि एक भाकरतुकड्याची. वर जाऊन बघितलं तर मालकाच्या झोपायच्या खोलीला बाहेर काढलेला एक कोपरा आहे, तो संडास. खाली सरळ परसात पडणार. धनी वर झोपणार आणि गड्यानं खालून जपून चालायचं. मला हसू आलं. मोठेपणाच्या तऱ्हा सगळीकडे सारख्याच.

आता मुद्द्याचं. लाकडाच्या कड्या मोजून तिथले लोक लाकूड कुठल्या सालात तोडलं ते सांगतात. त्यावरून मधलं दालन आणि खालच्या अंगाच्या खोल्या 1405 ते 1430 च्या दरम्यानच्या आहेत. मालकाच्या बाजूचा भाग, ज्याच्यात तो वरचा संडास आहे, तो 1505 ते 1510 च्या सुमाराचा. म्हणजे बांधल्यावर शंभरेक वर्षांनी कुणीतरी तो वाढवला. पुढं आणखी शंभर वर्षांनी कुणीतरी मधल्या दालनात विटांचं धुराडं उभं केलं, त्या उंच पोकळीत मजला घातला आणि वर झोपायच्या खोल्या काढल्या. घर पाण्याखाली जायची वेळ आली तेव्हा ते असं होतं. धुराड्याचं, मजल्याचं.

पण म्युझियममध्ये उभं आहे ते असं नाही. उभं करताना त्यांनी 1540 साल धरलं. त्या सालानंतरचं जे जे, ते परत लावलं नाही. धुराडं गेलं, मजला गेला, नंतरच्या खिडक्या गेल्या. जे मूळचं हरवलं होतं ते लाकडांवरच्या खाचा-खुणा बघून नव्यानं घडवलं. आतलं सामानही 1540 च्या चालीचं नवीन करून ठेवलंय.

घरात एक म्हातारे गृहस्थ माहिती द्यायला उभे होते, माझ्याच वयाचे. मी पुतण्याच्या तोंडून त्यांना विचारलं, "ते धुराडं का काढलं?" ते फार आदबीनं म्हणाले, की ह्या घराचं खरं रूप लोकांना दिसावं म्हणून. एवढं उंच मोकळं दालन आता कुठंच पाहायला मिळत नाही, बहुतेक घरांत नंतर मजले घालून ते झाकून गेलंय.

माणूस चुकीचं बोलत नव्हता. पण 'खरं रूप' हा शब्द माझ्या दाढेखाली खड्यासारखा आला.

1510 साली ज्यानं वरची खोली वाढवली, त्याची वाढवलेली खोली खरी. आणि 1600 नंतर ज्यानं धुराडं घातलं, त्याचं धुराडं मात्र नंतरची भर. दोघंही त्याच घरात राहणारे, दोघांनीही गरज म्हणून घर बदललेलं. एकाचं काम ठेवलं, दुसऱ्याचं काढून टाकलं. मधे रेघ कुणी मारली? जो त्या घरात एक रात्रही झोपला नाही त्यानं.

त्या धुराड्याचं मी जरा जास्त बोलणार आहे, कारण वाचणाऱ्यातल्या शहरी लोकांना त्याची किंमत कळायची नाही. आमचं पाण्यात गेलेलं घर माळवदाचं होतं. चुलीच्या वर माळवदाला एक साणं, टीचभर भोक. पावसाळ्यात त्याच्यावर पाटी झाकायची. मग सगळा धूर आत. तुळया, किलचन सगळं डांबरासारखं काळं. बाहेरून येणाऱ्याला ते काळं चकचकीत लाकूड फार देखणं वाटायचं. माझी आई पहाटे चार वाजता त्या धुरात बसायची. भाकरी थापताना तिचे डोळे कायम लाल. माझ्या आज्जीला शेवटची सहा वर्षं जवळजवळ दिसत नव्हतं. डॉक्टरनं तिला विचारलं होतं, "आजी, किती वर्षं चुलीवर?" ती म्हणाली, "समज आली तवापासनं."

तेव्हा धुराडं म्हणजे वास्तुकलेची बाब नाही. धुराडं म्हणजे घरातल्या बाईचे डोळे.

इंग्लंडात ही धुराड्यांची लाट कशी आली त्याचा साक्षीदारही आहे. विल्यम हॅरिसन नावाचा एक पाद्री एसेक्समधल्या रॅडविंटर गावी राहायचा. त्याचं इंग्लंडचं वर्णन 1577 साली छापून आलं. त्यात तो सांगतो, की गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मते त्यांच्या हयातीत तीन गोष्टी पार बदलल्या. एक म्हणजे ही धुराडी. त्यांच्या लहानपणी गावात दोन-तीनच असायची, आता बघावं तिकडं. दुसरी अंथरुणं, पूर्वी गवताच्या गादीवर झोपायचं आणि उशाला ओंडका, उशी लागते ती फक्त बाळंतिणीला अशी समजूत. तिसरी भांडी, लाकडाची ताटं गेली, कथलाची आली. हे वाचून मला आमचा पार आठवला. आमचे म्हातारेही असेच मोजायचे, पण त्यांच्या यादीत रॉकेलचा कंदील, इंजिन आणि सायकल असायची.

पण हॅरिसनसाहेब पुढं काय म्हणतो ते ऐका. त्याला ही धुराडी फारशी रुचलेली नाहीत. पूर्वी धुरात राहायचो तेव्हा डोकं दुखायचं नाही, आता सगळ्यांना सर्दी-पडसं, असा त्याचा सूर आहे. धुरानं घराचं लाकूड टणक होतं आणि घरधन्याच्या तब्येतीलाही तो औषध, असं तेव्हा मानायचे हेही तो सांगतो. म्हणजे साडेचारशे वर्षांपूर्वीही जुनं घर चांगलं म्हणणारा पुरुष होताच, आणि तो चुलीपुढं बसणारा नव्हता. त्याच्या यादीत म्हातारे बोलतात. म्हाताऱ्यांना कुणी विचारलं. म्हाताऱ्या बायकांना विचारलं असतं तर धुराड्याबद्दल त्यांनी वेगळं काही सांगितलं असतं असं मला वाटतं.

मी बेलीफच्या दालनाचे फोटो काढून आईला दाखवले. आई आता पंच्याऐंशीच्या पुढं आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. तिनं मोबाईल डोळ्याजवळ नेला, उंच छप्पर बघितलं, खालचा जाळ बघितला, आणि एवढंच विचारलं, "आन् धूर कुठनं जातुय?" मी म्हणालो, "जात नाही. कौलातनं जाईल तेवढा." तिनं मोबाईल परत दिला. पुढचा फोटो बघायला मागितला नाही.

ह्याच्यावर कुणी म्हणेल, आबा, तुम्ही त्या म्युझियमवर उगाच रागावताय. मी रागावलेलो नाही. उलट दुसरी बाजू मला चांगली कळते, कारण ती माझ्या अंगावरून गेलीय. ते घर त्यांनी सोडवलं नसतं तर पाण्याखाली कुजलं असतं. मग 1540 ही नाही आणि 1640 ही नाही. आमच्या घराचं तेच झालं. पाणी यायच्या आधी आम्ही तुळया, खांब, दारं काढून बैलगाडीनं माळावर आणली. तिथं ज्या जागा मिळाल्या त्यावर पत्र्याचे सपार उभे केले. जेवढं लाकूड विकलं गेलं तेवढं विकलं, कारण पोटाला लागत होतं. उरली एक ढेळजेची चौकट. सागवानी, जाड, उंबऱ्यासकट. ती आम्ही त्या पत्र्याच्या घराला बसवली. दहा पत्र्यांच्या खोपटाला वाड्याचं दार. सावकाराचा फेटा घातलेल्या भिकाऱ्यासारखं दिसायचं.

तर बघा, गंमत कशी आहे. बेलीफचं लाकूड जुनं, आकार जुना, गाव मात्र परकं आणि आत राहणारं कुणी नाही. आमचं लाकूड जुनं, आकार गेला, पण आत माणसं तीच. ह्यातलं जुनं घर कुठलं जपलं गेलं म्हणायचं? मी परतीच्या गाडीत बराच वेळ ह्याचाच विचार करत होतो. आमच्या घराचा एखादा तरी आकार कुणी असा उभा करून ठेवला असता, भले चुकीच्या सालाचा, तरी मी दरवर्षी जाऊन त्या सोप्यावर बसलो असतो. हे मी कबूल करतो. पण पुतण्यानं मला मुद्दाम विचारलं, "आबा, तुम्ही असतात तर कुठलं साल धरलं असतं?" आणि मला सांगता येईना. मला हवं ते साल म्हणजे मी आठ-नऊ वर्षांचा होतो ते, बळदात ज्वारी होती, दावणीला सहा बैल होते. पण त्याच साली माझ्या धाकट्या चुलतीला तिच्या पोरांसकट गोठ्याशेजारच्या खोलीत वेगळं काढलं होतं. पुढं तीन वर्षांनी मधे भिंत पडली आणि तिला हक्काचं स्वयंपाकघर मिळालं. माझं साल धरलं तर तिची भिंत काढावी लागेल. माझ्यासाठी त्या भिंतीनं घर मोडलं, तिच्यासाठी त्या भिंतीनं घर झालं.

हा तंटा इंग्लंडात फार जुना आहे. दीडशे वर्षांपूर्वी तिथं जुन्या देवळांची दुरुस्ती जोरात चालली होती. दुरुस्ती म्हणजे काय, तर एखादं जुनं शतक चांगलं ठरवायचं आणि नंतरच्या लोकांनी केलेलं सगळं खरवडून देऊळ त्या शतकात नेऊन ठेवायचं. विल्यम मॉरिस नावाचा माणूस ह्याच्यावर चिडला. तो कवी, कारागीर, भिंतीच्या कागदाची नक्षी काढणारा. त्यानं 1877 साली जुन्या इमारती वाचवायची एक संस्था काढली. तिला खरवडविरोधी असंही म्हणायचे. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ज्यानं ज्यानं त्या इमारतीला हात लावला त्या सगळ्यांचं ते काम आहे. आपल्या आवडीनं त्यातलं एक निवडायचा आपल्याला हक्क नाही. छप्पर गळतंय तर गळती बंद करा, भिंत कलली तर टेका द्या, रोजची निगा राखा, पण जुन्याचं सोंग आणू नका.

ह्या मॉरिसनं स्वतः 1871 पासून ऑक्सफर्डशायरमधल्या केल्मस्कॉट गावी एक घर भाड्यानं घेतलं होतं. तेही मुळात शेतकऱ्याचंच. टर्नर नावाचं घराणं तिथं पिढ्यान्‌पिढ्या नांदलं. जरा बरे दिवस आल्यावर सतराव्या शतकात त्यांनी घराला एक नवीन बाजू जोडली, मोठ्या खोल्यांची. जोडलेलं कळतं, लपवलेलं नाही. मी ते घर फोटोतच पाहिलं, पण मला ते आवडलं. आपल्याकडे सुगी चांगली झाली की माणूस पडवी काढतो, तसंच ते.

मॉरिसची बाजू मला पटते. पण एक सांगतो, ती राहत्या घराला पटते. घर जागेवर असलं, आत चूल पेटत असली, तर त्याचं कुठलंच साल खरवडू नये. पाण्याखाली जाणाऱ्या घराला ती लावून चालत नाही. तिथं काहीतरी धरावंच लागतं आणि काहीतरी सोडावंच लागतं. बैलगाडीत सगळं मावत नाही.

त्यातही सगळं एकाच मापानं होत नाही हे त्याच म्युझियममध्ये दिसलं. बेलीफपासून थोडं चाललं की वॉल्डर्टन गावचं एक घर आहे. बाहेरून गारेच्या दगडाचं आणि विटांचं, मधे धुराडं, सतराव्या शतकातलं. ते उतरवायला घेतलं तर पोटात जुना लाकडी सांगाडा निघाला आणि त्यावर उघड्या जाळाची काजळी. म्हणजे तेही एकेकाळी बेलीफसारखंच मोकळ्या दालनाचं घर होतं. इथं मात्र म्युझियमवाल्यांनी बदललेलं रूपच उभं केलं, धुराड्यासकट. मी त्या धुराड्याच्या चुलाण्यापुढं बराच वेळ उभा राहिलो. एवढं मोठं चुलाणं की दोन माणसं आत बसतील. वरच्या अंधारात कुठंतरी ती जुनी काजळीही आहे. धूर जाऊन चारशे वर्षं झाली तरी काजळी आहे. त्या घरात एकही गोष्ट दुसरीला खोटं पाडत नव्हती.

आता राहत्या घराचं म्हणाल तर तिथंही सगळं गोड नाही. इंग्लंडात 1947 च्या कायद्यापासून जुन्या इमारतींच्या याद्या करायची रीत बसली. यादीत आलेल्या घराची खिडकी बदलायची तरी परवानगी लागते, आणि न विचारता तोडफोड केली तर तो गुन्हा होतो. हजारो जुनी शेतघरं ह्या यादीत आहेत. घरं वाचली हे खरं. पण त्या थंड घरात राहणाऱ्या माणसानं दुहेरी काच बसवावी की नाही हे दुसऱ्या कुणीतरी ठरवायचं, हे माझ्यासारख्या शेतकऱ्याच्या पचनी पडत नाही. सरकारनं घरावर केलेला परिणाम तर वेगळाच. तिथं 1696 पासून खिडक्यांवर कर होता. जितक्या खिडक्या जास्त तितका कर जास्त. लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. 1851 साली कर उठला, पण काही घरांच्या खिडक्या अजून बुजलेल्याच आहेत. आता त्या विटा काढायच्या का ठेवायच्या? ज्या माणसानं अंधार पत्करून पैसे वाचवले त्याचीही ती खूणच की. मला विचाराल तर, घरात पोर अभ्यासाला बसत असेल तर खुशाल काढा. मेलेल्याचा मान राखायचा, पण जित्याच्या उजेडात बसून नव्हे.

आणखी एक गोष्ट पुतण्यानं रस्त्यानं दाखवली. जुनी देखणी शेतघरं दिसायची, पुढं गुलाब, मोटारी. मी विचारलं, "ह्यांची शेती किती?" तो म्हणाला, "आबा, बऱ्याच घरांत आता शेतकरी नाहीत. शहरातली माणसं विकत घेतात. जमीन वेगळी विकली जाते, घर वेगळं." घराचा दगड न् दगड जपलेला, आणि ज्याच्यासाठी ते घर होतं तो धंदाच आतून निघून गेलेला. अशा घराला फार्महाउस म्हणत राहायचं हे मला, बैल विकल्यावर दावणीला गोठा म्हणत राहण्यासारखं वाटतं. पण आम्हीही म्हणतोच की. माझ्या गोठ्यात सध्या मोटारसायकली आहेत.

हे सगळं आता लिहायला बसण्याचं कारण वेगळं आहे. ह्या पुतण्याचा धाकटा भाऊ गावातच शेती करतो. तो पत्र्याचं घर पाडून स्लॅबचं बांधतोय. त्याची बायको म्हणते, घरात ओटा, नळ, मोठी खिडकी आणि धुराचा पंखा पाहिजे. बरोबर म्हणते. प्रश्न आला तो त्या ढेळजेच्या चौकटीचा. ती नव्या घराला लावायची का? पोरगा म्हणतो, "आबा, जुनीच ठेवू, आठवण म्हणून." सून म्हणते, "ठेवा, पण सामानाच्या टेम्पोला आडवी यायला नको, आणि खालून वाळवी लागलीय ती घरात नको." चौकटीचे दोन्ही पाय खालून हातभर पोखरलेत, हे खरंच आहे.

एकानं सुचवलं, की सगळ्या चौकटीला पॉलिश करून दिवाणखान्यात भिंतीवर लावा, शोभेला. मी नाही म्हणालो. ज्या चौकटीतून चार पिढ्या आत-बाहेर गेल्या तिच्यातून आता कुणी जाणारच नसेल तर ती लाकूड आहे, चौकट नाही. दुसऱ्यानं सांगितलं, हुबेहूब तशीच नवी करून घ्या. तेही नको.

मग मी पुतण्याला फोन करून बेलीफच्या खांबांचे फोटो मागवले. तिथं कुजलेला भाग तेवढा कापून त्याला नव्या ओकचा तुकडा तिरप्या सांध्यानं जोडलाय. जुनं काळपट, नवं फिकं, सांधा उघड दिसतो. कुणी रंग मारून लपवलेला नाही. गावच्या सुतारानं मोबाईल हातात घेऊन तो सांधा बोटांनी मोठा करून पाहिला. लाकूड कुठलं घ्यायचं ते विचारलं. साग नवा मिळेल तो हलका असेल, म्हणाला, त्यापेक्षा बाभळीचा गाभा घेऊ, खाली पाण्या-चिखलात तोच टिकंल. दिसायला वेगळा दिसंल म्हणाला. मी म्हणालो, दिसू दे. उंबरा सून म्हणते तसा काढायचा, कारण आईची व्हीलचेअर त्याच्यावरून जात नाही. चौकटीची रुंदी चार फूट दोन इंच भरली. टेम्पो नाही जाणार, पण ज्वारीची पोती डोक्यावर घेऊन माणूस जातो. सोमवारपासून कामाला लागतो म्हणालाय.